देवकीचं इंग्रजी

सदर, नागपूर
९ मार्च १९३६

मारोतराव यांस,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. घाईत राहून गेलं असं समजू नका.

परवा शनिवारी देवकी माझ्याकडे आली नाही. तिच्याऐवजी तुमचा टांगेवाला आला आणि दारातूनच म्हणाला, "मास्तरनं सांगितलं, पोरगी आता इकडं येणार नाही. तिचं इंग्रजी नासून राहिलं म्हणे." एवढं बोलून त्यानं घोडा वळवला. त्याला पाणीसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही.

माझी थोरली बहीण तुमच्या घरात नांदली, त्याच घरात तिनं डोळे मिटले, आणि जाताना तिनं मुलगी आपल्या दोघांच्या स्वाधीन केली. एकट्या तुमच्या नव्हे. तेव्हा ह्याच नागपुरात, महाल पेठेत राहून सदरला टांगेवाल्याकडून निरोप धाडणाऱ्या माणसाशी मी ह्यापुढे टपालानंच बोलेन.

काय झालं ते मला कळलं आहे. तुमच्या भिंतीला भिंत लागून कुसुमताई राहतात हे तुम्ही विसरता. शुक्रवारी संध्याकाळी देवकीनं तुमच्यापुढे चहा ठेवला आणि तो निवतो आहे असं तुम्हाला इंग्रजीत सांगितलं. आपल्या वडिलांशी ती पहिल्यांदाच त्या भाषेत आपण होऊन बोलली. दुसऱ्या कुठल्या बापानं कप उचलला असता. तुम्ही तिला सरळ उभं केलंत आणि म्हणालात, "चालव."

शब्द उचलायचा, त्याची जात सांगायची, वचन, काळ, कर्ता कोण, कर्म कोण, आणि मग पुढचा शब्द. व्याकरण चालवणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको, माझं निम्मं तारुण्य त्यात गेलं. ती एका शब्दावर अडली. तुम्ही तो चहा तिच्यादेखत मोरीत ओतलात. "ज्या शब्दाचं व्याकरण चालवता येत नाही, तो तोंडातून काढाचा नाही," हे कुसुमताईंना भिंतीपलीकडे ऐकू आलं. त्या मला म्हणाल्या, "अवं गोपिका, लेक चहा पी म्हनून राहिली होती वं बापाले! त्यात काय चालवाचं होतं?"

एप्रिलात जबलपूरच्या ट्रेनिंगची निवड आहे. आपल्याकडच्या मोजक्या मुली घेणार आहेत. तिथं कागद नाही, पेन नाही. इन्स्पेक्ट्रेसबाई समोर बसतील आणि इंग्रजीत विचारतील, आणि मुलीनं तोंडानं उत्तर द्यायचं. देवकी घरी बसून मॅट्रिक झाली, ते श्रेय तुमचं. पण आता तिला मास्तरीण व्हायचं आहे आणि त्याला हा एकच दरवाजा आहे. तो बंद झाला की काटोलला तिच्या काकांनी स्थळ धरून ठेवलेलं आहे.

मुक्या मुलीला त्या दरवाजातून कोणी आत घेणार नाही. तिला शनिवारी पाठवा.

गोपिका


सदर
२६ मार्च १९३६

मारोतराव यांस,

माझं पत्र तुम्ही तांबड्या शाईनं तपासून परत पाठवलंत. दोन ऱ्हस्व-दीर्घ, एक विरामचिन्ह, आणि शेवटी शेरा: 'विधाने भावनेच्या भरात.' शाळेच्या मोठ्या बाई तेव्हा माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं एखाद्या मुलीची वही आहे. मी तसंच वाटू दिलं.

सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही विचारता की जी पद्धत मी नासकी म्हणते, तिच्याच भाकरीवर मी आज उभी नाही का. उभी आहे. लपवत नाही. कपाळ पुसून मी तुमच्या दारात आले तेव्हा धाकट्या दिराशी माझा पाट लावायचं सासरच्यांनी पक्कं केलं होतं, आणि बैठकीत तुम्ही एकटे उठून म्हणालात, "गोपिका शिकन." तुमच्या थोरल्या भावानं विचारलं, "काय शिकन? बाई हाये ते." तुम्ही म्हणालात, "बैल शिकते गा, तं बाई काहून नाही शिकन?" बैलाशी बरोबरी झाली ह्याचा मला तेव्हा रागही आला नाही, इतकी मी सुटले होते.

मग तुम्ही मला शिकवलंत. ताई भाकरी थापायची, मी चुलीपुढे काटक्या सारत काळ म्हणायची आणि तुम्ही ओसरीवरून चुका सांगायचात. एकही वाक्य आपण दोघं इंग्रजीत बोललो नाही. मी मॅट्रिक झाले. जबलपूरला गेले. पहिल्याच दिवशी तिथल्या गोऱ्या बाईंनी मला खुर्ची दाखवून बस म्हटलं. मला शब्द कळला होता. त्याचं व्याकरणही मी मनात चालवलं, आज्ञार्थ, कर्ता अध्याहृत, सगळं. तोवर सगळ्या मुली बसल्या होत्या आणि मी उभीच होते. त्या हसल्या. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. माझ्या वर्गातली एकही मुलगी तशी उभी राहणार नाही, हे मी तिथंच ठरवलं.

म्हणून माझ्या वर्गात मुली खिडकी उघडतात आणि उघडते आहे म्हणतात. संत्रं सोलतात, फोडी वाटतात, आणि हातात जे आहे तेच तोंडात आणतात. मराठीचा शब्द वर्गात येत नाही. आलाच तर ती मुलगी उठून व्हरांड्यात जाते आणि तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहते. आता तर सांगावंही लागत नाही, आपणच जातात. तुम्ही ह्याला जुलूम म्हणता. ही शिस्त आहे. पोहायला शिकवताना काठ हाताशी ठेवून चालत नाही.

तुम्ही मोटेवर बैल हाकता हाकता इंग्रजी पाठ केलंत, मला माहीत आहे. मोट वर येताना भूतकाळ, खाली जाताना भविष्यकाळ. काटोलच्या त्या विहिरीवर तुमच्याशी त्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. तुमच्या हाती व्याकरणाचा दोर होता, तो धरून तुम्ही वर आलात. पण वर येऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही दोर सोडायला तयार नाही. अख्खी हयात इंग्रजी शिकवलंत, आणि शाळेत एखादा साहेब आला की तुमचं पोट दुखतं आणि तुम्ही घरी निघून येता. हे मला ताईनं सांगितलं होतं. ती सांगताना हसत नव्हती.

तुमची तडजोड मला मान्य आहे. सकाळी देवकी तुमची, दुपारी माझी. शेतात धुऱ्याचा बांध घालावा तशी मुलगी मधून वाटून घेतली आपण. मान्य आहे, कारण दुसरं काही मिळत नाही.

तांबडी शाई पुन्हा नको.

गोपिका


सदर
१८ एप्रिल १९३६

मारोतराव यांस,

झालं तुमच्या मनासारखं?

काल सिव्हिल लाइन्समधल्या त्या ऑफिसच्या व्हरांड्यात तुम्ही एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला उभे होतो. मधे दाराला बांबूच्या काड्यांचा चिक होता आणि आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. तेव्हा मी कानांनी ऐकलेलं तुम्ही नाकारू नका.

इन्स्पेक्ट्रेसबाईंचा आवाज चांगला होता. त्यांनी मुलीची भीती जावी म्हणून अगदी साधं विचारलं, इंग्रजीत, की आज सकाळी तू काय खाऊन आलीस. मी मनात म्हटलं, सुटली! पोहे म्हणेल, भाकरी म्हणेल, काहीही म्हणेल. माझ्याकडे रोज दुपारी ती हे सांगत होती.

आणि देवकीनं काय केलं? खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली. आणि त्या बाईंनी विचारलेला प्रश्नच तिनं चालवायला घेतला. 'व्हॉट', प्रश्नार्थक सर्वनाम, नपुंसकलिंग, कर्म. पुढचा शब्द, साहाय्यक क्रियापद, भूतकाळ. त्याच्या पुढचा. एकही चूक नाही. खणखणीत आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत. शेवटी ती थांबली तेव्हा पंखा ओढणाऱ्या दोरीची करकर ऐकू आली.

तुमच्याकडे पाहिलं मी. तुमचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

बाईंनी परत विचारलं. देवकीला उत्तर देता आलं नाही. मग पुढच्या मुलीला बोलावलं.

पोरीला विचारलं होतं, जेवलीस का. जगात कुठल्याही भाषेत माणूस माणसाला पहिलं हेच विचारतो. आणि तुमच्या लेकीला ते माणसानं विचारलंय असं वाटलंच नाही, तिला तो फळ्यावरचा धडा वाटला. एवढं करून दाखवलंत तुम्ही. काटोलला कळवा आता, सोयरीक पक्की करा म्हणावं.

गोपिका


सदर
२४ एप्रिल १९३६

भाऊजी,

तुमच्या उत्तरात एकच ओळ होती. 'ती व्हरांड्यात कोणाच्या शिकवणीने आली?'

ती ओळ मी चार दिवस घरात घेऊन फिरते आहे. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही तिथं होता, तेव्हा न लिहिताही ते पुसलं जाणार नाही.

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा देवकी गप्प राहिली नव्हती. "मले..." एवढं तिच्या तोंडून निघालं. मराठी. लगेच तिनं तोंडावर हात दाबला असावा, कारण पुढचा आवाज अर्धवट आला. आणि मग चिक बाजूला झाला आणि ती बाहेर आली. कोणी बाहेर घातलं नव्हतं. ती आपल्या दोघांच्या मधोमध भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हात पाठीशी. आत बाई विचारत होत्या की मुलगी गेली कुठे.

मी माझ्या वर्गात ते रोज पाहते आणि मला त्यात काही वाटत नाही. तिथं, त्या परक्या भिंतीसमोर तिची पाठ पाहिली आणि मला वाटलं की मी धावत जाऊन तिला वळवावं. मी एक पाऊल टाकलं. तुम्हीही टाकलंत. मग आपण एकमेकांना पाहिलं आणि दोघंही थांबलो. तिला आत नेलं ते चपराश्यानं. "अवं माय, इकडं काहून उभी राहिली? चाल," म्हणाला आणि धरून घेऊन गेला. तोवर उशीर झाला होता.

माझी चूक तुमच्या चुकीपेक्षा लहान आहे असं मी म्हणत नाही. म्हणायची इच्छा मात्र फार आहे.

तुम्ही सकाळी सांगत होता, व्याकरण येत नसेल तर इंग्रजी बोलू नको. मी दुपारी सांगत होते, मराठी बोलू नको. मग तिनं बोलायचं कशात? कुसुमताई म्हणतात की त्या दिवसापासून ती मोलकरणीलाही मान हलवून उत्तर देते. तुमच्याशी बोलते का? खरं लिहा. माझ्याकडे त्यानंतर एका दुपारी येऊन बसली तेव्हा एक शब्द नाही. मी संत्रं पुढं केलं, तिनं सोललं, फोडी केल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि निघून गेली.

आमच्या मोठ्या बाई त्या कमिटीवर आहेत. त्यांनी बरंच सांगून पाहिलं. राहिलेल्या जागांसाठी मेच्या पहिल्या आठवड्यात काही मुलींना पुन्हा बोलावणार आहेत, त्यात देवकीचं नाव घातलं आहे. हा खरोखरचा शेवट. ह्यानंतर नाही.

हे लिहिलं आणि तेवढ्यात देवकी आली, म्हणून पत्र पुढे लिहिते.

भर दुपारी महालातून पायी आली. पदर डोक्याला गुंडाळलेला, तोंड लाल. मी दार उघडलं तर म्हणाली, "मावशी, पाणी दे."

मी पाणी दिलं आणि तिच्याकडे पाहतच राहिले. ती घटाघटा प्यायली, पेला पालथा घातला आणि म्हणाली, "बाबाले सांगून आली. आता तुले सांगाले आली. आता मले कोणी काही शिकवाचं नाही. तूही नाही."

"अगं, पण दिवस किती राहिलेत?"

"राहू दे."

"तिथं जाऊन बोलणार कशात तू?"

"जे तोंडात येईन, त्यात."

"आणि बाबा काय म्हणाले तुझे?"

तिला हसू आलं. किती दिवसांनी. "बाबा म्हणे, हे वाक्य चालव. म्या म्हटलं, आता तुमीच चालवा, मी चालली मावशीकडं."

मग ती गंभीर झाली. माझ्या पलंगावर बसून पाय चोळत म्हणाली, "तुमी दोघं एकमेकाइले पत्रं लिहून राहिले, मले माहीत हाये. टपालवाला कुसुमकाकूले सांगते. मावशी, त्या पत्राइत मी कुठं आहो वं?"

मी पालथा पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला. ह्याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर तिला द्या.

गोपिका


सदर
९ मे १९३६

भाऊजी,

देवकीची निवड झाली. तुम्हाला तिनं सांगितलंच असेल. मी लिहिते आहे ते वेगळ्या गोष्टीसाठी. आत काय झालं ते मोठ्या बाईंनी मला काल सांगितलं, आणि ते तुम्हाला माझ्याइतकंच झोंबावं असं मला वाटतं. एकटीनं का सहन करू?

ह्या वेळी आपण दोघंही गेलो नव्हतो. तिनं येऊ दिलं नाही. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी तिला ओळखलं. जेवणाचं विचारलं नाही. तुला शिक्षिका कशासाठी व्हायचं आहे, असं विचारलं. देवकी म्हणाली, इंग्रजीत, की मी आधी माझ्या भाषेत सांगते, मग तुमच्या भाषेत आणते, तोवर थांबाल का? मोठ्या बाई म्हणतात, ते वाक्य मोडकंतोडकं होतं, पण कळत होतं. बाई म्हणाल्या, थांबेन.

मग ती म्हणाली. मोठ्या बाईंना आपली बोली येत नाही, त्यांनी कमिटीवरच्या दुसऱ्या बाईंकडून समजून घेतलं आणि मला सांगितलं. मी घरी आल्यावर देवकीला बोलावून पुन्हा तिच्याच तोंडून ऐकलं. तिनं लाजत लाजत सांगितलं ते असं:

"माह्या घरी दोन मास्तर हायेत. एक म्हणते, समजल्याबिगर बोलू नको. एक म्हणते, बोलल्याबिगर समजत नाही. दोघाइचंही खरं हाये. पण दोघाइले एकच भेव हाये, का पोरगी चुकली तं लोक आपल्याले हासतीन. मले असं शिकवाचं हाये का पोरगी चुकली तं मीही हासीन अन् तेही हासन, अन् मंग पुन्हा बोलन."

त्यानंतर तिनं हे सगळं इंग्रजीत आणलं. सावकाश. मधे एक काळ चुकला, बाई हसल्या, देवकीही हसली, आणि चूक तशीच ठेवून पुढं गेली. तुमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. माझ्या वर्गातही नाही.

मोठ्या बाई हे सांगताना खूश होत्या. त्यातली एक मास्तरीण मी, हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी मान डोलावत ऐकलं. घरी येऊन दार लावून बसले. कमिटीपुढे, परक्या माणसांपुढे, पोरीनं घरातलं सगळं उघड्यावर मांडलं! तिला मी दूध पाजलं नसेल, पण तिची वेणी मी घातली आहे, तिच्या तापात मी उशाशी बसले आहे. आणि तिनं मला तुमच्याशेजारी उभं केलं. तुमच्यासारखीच, म्हणे. एकच भेव.

खरं सांगू का, तुम्हीही तसेच बसला असाल असं मला वाटलं. दार लावून. ती तुमची भीती कुठून आली हे मला माहीत आहे. काटोलच्या पोराचे उच्चार ऐकून शाळेतली पोरं हसली, तेव्हापासून. माझी कुठून आली तेही तुम्हाला आता माहीत आहे, मीच लिहिलं होतं. आपण दोघांनी आपापली लाज तिच्या दप्तरात भरली आणि त्याला पद्धत म्हटलं.

ह्याचा अर्थ आपलं जमलं असा काढू नका. चहा मोरीत ओतणाऱ्या माणसाशी माझं कधी जमणार नाही. आज मी वर्गात गेले तेव्हा एका लहान मुलीच्या तोंडून मराठी शब्द निघाला आणि ती उठली. मी तिला बस म्हटलं. ती बसेचना, तिला वाटलं मी चिडले आहे. शेवटी मराठीत सांगावं लागलं. सगळ्या मुली माझ्याकडे पाहत होत्या. हे फक्त तुम्हाला लिहिते, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही. तुम्ही कोणाशी बोलतच नाही.

गोपिका


सदर
५ जुलै १९३६

भाऊजी,

देवकी गेली. आपल्या दोघांनाही तिनं बजावलं होतं की स्टेशनवर यायचं नाही. मला म्हणाली, "तुमी दोघं आले का मले दोन खिडक्या लागतीन." मी कबूल केलं. तुम्हीही केलं असेल.

तरी मी इतवारी स्टेशनवर गेले. लेडीज डब्याच्या पुढच्या बाजूला, एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या मागं जाऊन उभी राहिले. छिंदवाड्याकडचं वऱ्हाड होतं, बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या. ती दिसली. खिडकीशी बसून शेजारच्या बाईला काही सांगत होती, हात हलवून. कुठल्या भाषेत ते ऐकू आलं नाही. तिला कोणाचीच गरज नव्हती असं दिसत होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

मग मला फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला तुमची पांढरी टोपी दिसली. हमालांच्या गर्दीत. तुम्हीही लपला होता. मला इतका राग आला तुमचा! वाटलं, आपला शब्द मोडून येतात, आणि वर लपतात. मी तेच केलं होतं हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

छोट्या रुळांच्या गाडीनं शिटी दिली. आणि तुम्ही ओरडलात. इतक्या वर्षांत मी तुमचा तसा आवाज ऐकला नव्हता. "देवके! टाइमावर जेवत जाजो वं! ऐकलं का? जेवत जाजो!" सगळा फलाट वळून पाहत होता. वऱ्हाडातली एक बाई पदर तोंडाशी लावून हसली. तुम्ही थांबला नाहीत. गाडी हलली तरी ओरडत होता.

मलाही हाक मारायची होती. पण तोंडाशी आलं ते इंग्रजीत आलं, वर्गात शेवटच्या तासाला मुलींकडून म्हणून घेते ते निरोपाचं वाक्य. ते मी गिळलं. त्याच्याखाली आणखी काही असेल म्हणून शोधत राहिले. माझ्या बहिणीच्या लेकीला हाक मारायला माझ्याजवळ काय होतं? सापडेपर्यंत शेवटचा डबा माझ्यासमोरून गेला.

तुम्ही जाताना मला पाहिलंत. ओळख दाखवली नाहीत. बरं केलंत. मला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि तुम्हालाही माझ्यासमोर नसेल.

त्या दिवशी आपलं काही मिटलं असं समजू नका. माझा राग जिथल्या तिथं आहे. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुमच्यापुढं हमाल होते आणि गाडी वळणावर गेली होती. मी पुढच्या बाजूला होते, मला दिसली. खिडकीतून तिचा हात बाहेर आला होता आणि बराच वेळ हलत होता. तो मागं वळलेला होता, तुमच्याकडे. माझ्याकडे नव्हता.

हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिलं.

गोपिका